मुलांचा दमा : कोणते यंत्र नेमके काय मोजते?

दम्याच्या मुलांच्या श्वसनक्षमतेची तपासणी आणि त्यासाठी वापरली जाणारी यंत्रे यांविषयी पालकांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी पाच प्रश्न येथे घेतले आहेत.

प्रश्न : माझ्या सात वर्षांच्या मुलाला पावसाळ्यात आणि थंडीत धाप लागते, पहाटे खोकल्याने जाग येते. स्पायरोमेट्री सामान्य आली, तरीही डॉक्टरांनी दमा असल्याचे सांगून घरी पीक फ्लो मीटर वापरायला सांगितले. दवाखान्यातल्या मोठ्या यंत्रावर जे दिसले नाही, ते काहीशे रुपयांच्या नळीवर कसे दिसणार?

उत्तर : दम्यात श्वासनलिकांचे आकुंचन सतत एकसारखे नसते, ते येते आणि ओसरते. त्यामुळे दोन झटक्यांच्या मधल्या काळात, त्यातही मूल दिवसा खेळते-बागडते असताना केलेली स्पायरोमेट्री पुष्कळदा सामान्यच येते आणि तेवढ्यावरून दमा नाही असे म्हणता येत नाही. स्पायरोमेट्रीत मूल छातीभर श्वास घेऊन तो जोराने, छाती पूर्ण रिकामी होईपर्यंत सोडते. त्यांपैकी पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडली (एफईव्ही-१) आणि एकूण किती पडली (एफव्हीसी), हे यंत्र मोजते. निरोगी लहान मुलाची सुमारे ९० टक्के हवा पहिल्या सेकंदातच बाहेर येते. म्हणून प्रौढांसाठी वापरला जाणारा ७० टक्क्यांचा निकष मुलांना लावला, तर आजार नजरेतून निसटतो. साल्ब्युटामॉल हे श्वासनलिका मोकळ्या करणारे औषध दिल्यानंतर १० ते १५ मिनिटांनी चाचणी पुन्हा केली होती का, हेही डॉक्टरांना अवश्य विचारावे. औषधानंतर एफईव्ही-१ मध्ये १२ टक्क्यांहून अधिक वाढ झाली, तर पहिला आकडा सामान्य असला तरी दम्याच्या निदानाला चांगले बळ मिळते.

पीक फ्लो मीटर यापैकी काहीच मोजत नाही. फुंकर सर्वाधिक वेगात असताना मिनिटाला किती लिटर हवा बाहेर पडत होती, एवढेच ते सांगते. हा आकडा मुख्यतः मोठ्या श्वासनलिकांची स्थिती दाखवतो आणि मुलाने लावलेल्या जोरावर फार अवलंबून असतो. म्हणून त्याचे एकटे रीडिंग मला निदानासाठी पुरेसे वाटत नाही. मात्र ते घरी असते आणि दम्याचा त्रास पहाटे होतो, ही त्याची खरी उपयुक्तता आहे. सलग दोन आठवडे सकाळ-संध्याकाळ नोंदी ठेवल्या आणि रोजचा चढउतार सरासरी १३ टक्क्यांहून अधिक निघाला, तर दवाखान्यातल्या अर्ध्या तासात न दिसलेली गोष्ट वहीत दिसते.

मात्र फुंकर नीट हवी. मुलाने उभे राहावे, काटा शून्यावर आणावा, जीभ नळीच्या तोंडाशी येऊ देऊ नये आणि ओठ नळीभोवती घट्ट मिटावेत. तीन फुंकरी माराव्यात आणि त्यांतली सर्वांत मोठी लिहावी. सरासरी काढू नये. काही मुले श्वास सोडण्याऐवजी गाल फुगवून थुंकल्यासारखा झटका देतात. काटा दिमाखात वर जातो, पण तो आकडा खोटा असतो. पहिले काही दिवस मुलाच्या समोर बसून हे पाहावेच लागते.

प्रश्न : आठ वर्षांच्या मुलीची एकाच महिन्यात दोन ठिकाणी स्पायरोमेट्री झाली. एका अहवालात एफईव्ही-१ अपेक्षित मूल्याच्या ७८ टक्के, तर दुसऱ्यात ९१ टक्के आहे. कोणते यंत्र चुकले?

उत्तर : कदाचित कोणतेच नाही. तुम्ही पाठवलेल्या दोन्ही अहवालांत प्रत्यक्ष मोजलेली हवा १.२० लिटरच आहे. फरक ‘अपेक्षित मूल्या’त आहे : पहिल्या ठिकाणी ते १.५४ लिटर धरले आहे, दुसऱ्या ठिकाणी १.३२ लिटर. वय, उंची आणि लिंग यांवरून हे मूल्य काढणारी समीकरणे अनेक आहेत आणि यंत्र बसवताना त्यांतले कोणते निवडले, यावर टक्केवारी ठरते. ‘ग्लोबल लंग फंक्शन इनिशिएटिव्ह’ या संस्थेच्या, बऱ्याच ठिकाणी वापरल्या जाणाऱ्या जीएलआय २०१२ या समीकरणांत भारतीय मुलांसाठी वेगळा गट नाही. २०२२ मध्ये त्याच संस्थेने वंशगट न विचारणारे एकच जागतिक समीकरण दिले. म्हणून पुढच्या वेळी टक्केवारीआधी लिटरमधील आकडा पाहावा, समीकरणाचे नाव अहवालात आहे का ते पाहावे आणि उंची त्याच दिवशी, चप्पल काढून मोजून घ्यावी. शक्य तर चाचणी एकाच ठिकाणी करत राहावी. पीक फ्लो मीटरलाही हेच लागू आहे : कंपनी बदलली की जुन्या मीटरवरचा ‘स्वतःचा सर्वोत्तम आकडा’ बाद समजावा आणि तो मूल बरे असताना नव्याने काढावा.

प्रश्न : मुलगी चार वर्षांची आहे. स्पायरोमेट्री जमली नाही म्हणून ऑसिलोमेट्री सुचवली आहे. ती विश्वासार्ह आहे का?

उत्तर : या वयासाठी हा पर्याय मला योग्य वाटतो. जोराने आणि दीर्घकाळ श्वास सोडणे बहुतेक मुलांना पाच-सहा वर्षांनंतर जमते. कुशल तंत्रज्ञ असेल तर काही मुलांना त्याआधीही. ऑसिलोमेट्रीत जोर लावायचाच नसतो. मूल ताठ बसते, नाकाला चिमटा लावतात, आई किंवा तंत्रज्ञ दोन्ही तळव्यांनी त्याचे गाल धरून ठेवतात आणि मूल नेहमीसारखा श्वास घेत राहते. त्या वेळी यंत्र तोंडावाटे हवेच्या दाबाच्या सूक्ष्म लहरी आत सोडते. कमी वारंवारतेची, म्हणजे ५ हर्ट्झची लहर लहान श्वासनलिकांपर्यंत पोहोचते. २० हर्ट्झची मुख्यतः मोठ्या नलिकांपुरती राहते. या दोन्ही लहरींना नलिकांत होणाऱ्या अवरोधांतील फरक वाढला, तर लहान नलिकांत अडथळा असल्याची शंका येते, आणि बालदम्यात तेथील बिघाड स्पायरोमेट्रीत उशिरा दिसू शकतो.

मर्यादाही आहेत. गाल सैल राहिले, मुलाने आवंढा गिळला, ते बोलले किंवा जीभ आड आली, तर नोंद बिघडते. म्हणून किमान तीन चांगल्या नोंदी हव्यात आणि १२ वर्षांखालील मुलांत त्यांच्यातील तफावत १५ टक्क्यांच्या आत असावी. वेगवेगळ्या कंपन्यांच्या यंत्रांचे आकडे एकमेकांशी पूर्ण जुळत नाहीत, विशेषतः अवरोध जास्त असलेल्या मुलांत. येथेही साल्ब्युटामॉलनंतर पुन्हा मोजणे महत्त्वाचे : ५ हर्ट्झचा अवरोध ४० टक्क्यांनी किंवा अधिक उतरला, तर तो ठळक प्रतिसाद मानतात.

प्रश्न : ‘फेनो’ चाचणी केली तर स्पायरोमेट्री टाळता येईल का?

उत्तर : नाही. फेनो चाचणी उच्छ्वासातील नायट्रिक ऑक्साइड मोजते. त्यातून श्वासनलिकांतील ॲलर्जीच्या प्रकारच्या सुजेचा अंदाज येतो, हवा किती अडते याचा नाही. मुलांमध्ये ३५ पीपीबीच्या (हवेच्या एक अब्ज भागांत ३५ भाग) वरचा आकडा अशी सूज सुचवतो आणि स्टिरॉइड इन्हेलरचा उपयोग होण्याची शक्यता वाढवतो. मात्र ॲलर्जीची सर्दी असलेल्या, दमा नसलेल्या मुलातही तो वाढलेला असू शकतो. दोन्ही चाचण्या एकाच दिवशी असतील, तर फेनो आधी करावी, कारण स्पायरोमेट्रीच्या जोरदार फुंकरींनी तिचा आकडा काही वेळ उतरतो.

प्रश्न : घरी तीन गोळ्यांचे फुप्फुसाच्या व्यायामाचे उपकरण आणि ऑक्सिमीटर आहे. यांवर दमा तपासता येतो का?

उत्तर : तीन गोळ्यांचे उपकरण श्वास आत ओढण्याच्या व्यायामाचे आहे, दम्यात अडचण मुख्यतः श्वास बाहेर सोडताना येते. तिन्ही गोळ्या वर गेल्या म्हणून मूल ठीक आहे, असे मानू नये. ऑक्सिमीटर रक्तातील ऑक्सिजन दाखवतो, आणि झटक्याच्या सुरुवातीला मूल जोरजोरात श्वास घेऊन ऑक्सिजनची पातळी बराच वेळ टिकवून धरते. त्यामुळे पडद्यावर ९६ दिसत असले, तरी मूल एका दमात वाक्य पूर्ण करू शकत नसेल, श्वास घेताना बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात असेल किंवा डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे स्पेसरमधून (इन्हेलरला जोडायच्या पोकळ नळीतून) औषध देऊनही आराम पडत नसेल, तर पुन्हा पुन्हा बोटाला यंत्र लावत न बसता त्याला ताबडतोब रुग्णालयात न्यावे, आणि वाटेतही ते औषध देत राहावे.