आधी कागद, मग पैसे

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

जुन्या क्रेडिट कार्डाच्या थकबाकीसाठी वसुलीवाल्याचा फोन आला आणि ‘आज निदान ५० डॉलर भरा, म्हणजे पगाराला हात लागणार नाही’ असं तो म्हणाला, हे तुझ्या पत्रात वाचलं. ते पैसे अजून दिले नसशील तर देऊ नकोस. देणं खरं निघालं तर फेडायचंच आहे. पण कुणाचं, किती आणि कधीपासूनचं हे कागदावर दिसल्याशिवाय एक छदामही नाही.

कारण नीट समजून घे. अमेरिकेत जुन्या देण्याला दोन वेगळ्या मुदती असतात आणि लोक हमखास त्यांची गल्लत करतात. एक क्रेडिट रिपोर्टची, म्हणजे तुझ्या कर्ज-परतफेडीच्या नोंदींची. ज्या थकबाकीनंतर खातं पुन्हा सुरळीत झालंच नाही, तिच्या तारखेपासून साधारण ७ वर्षांनी नोंद निघायला हवी. मधे कर्ज कितीही वसुली एजन्सींना विकलं गेलं तरी ती तारीख बदलत नाही. दुसरी मुदत दावा लावण्याची. ती राज्यागणिक वेगळी, बऱ्याच ठिकाणी ३ ते ६ वर्षांची. गोम इथे आहे: अनेक राज्यांत थोडीशी रक्कम भरली तरी ही मुदत पुन्हा पहिल्यापासून मोजली जाते. सुटत आलेला माणूस ५० डॉलरपायी नव्याने अडकतो. मुदत संपलेल्या देण्यासाठी दाव्याची धमकी देणं वसुली एजन्सींना २०२१पासून केंद्रीय नियमाने मना आहे, पण फोनवर हे तुला कोण सांगणार?

तेव्हा एवढंच म्हण, ‘सगळं लेखी पाठवा.’ नोटीस आली की ३० दिवसांच्या आत लेखी हरकत घे, पोचपावती मिळेल अशा टपालाने. पुरावा देईपर्यंत त्यांना वसुली थांबवावी लागते.

दरम्यान इक्विफॅक्स, एक्सपेरियन आणि ट्रान्सयुनियन या तिन्ही क्रेडिट ब्युरोंचे, म्हणजे अशा नोंदी ठेवणाऱ्या कंपन्यांचे, रिपोर्ट काढ. ॲन्युअलक्रेडिटरिपोर्ट डॉट कॉमवर ते दर आठवड्याला फुकट मिळतात. स्कोअरकडे नंतर बघ. एकच कर्ज मूळ बँक आणि एजन्सी अशा दोन्ही नावांखाली बाकी दिसतंय का, पहिल्या थकबाकीची तारीख पुढे सरकलीय का, हे ओळ न् ओळ तपास. चूक सापडली तर त्या ब्युरोकडे लेखी तक्रार कर. साधारण ३० दिवसांत त्यांना चौकशी करावी लागते.

आता पगाराची भीती. क्रेडिट कार्डाच्या देण्यासाठी कोर्टाच्या निकालाशिवाय पगारातून कपात होत नाही. (सरकारी शैक्षणिक कर्ज, कर आणि मुलांची पोटगी यांचे नियम वेगळे.) निकाल लागला तरी केंद्रीय कायद्याची मर्यादा आहे: कर वगैरे सक्तीच्या कपाती जाऊन उरलेल्या पगाराचे २५ टक्के, किंवा आठवड्याला २१७.५० डॉलरच्या वरची रक्कम, यांत जे कमी असेल तेवढंच. आठवड्याला २५० डॉलर हातात येत असतील तर फार तर ३२.५० जातील. टेक्सससारख्या राज्यांत अशा देण्यासाठी पगाराला हातच लावता येत नाही. आणि एकाच देण्याच्या कपातीवरून मालक नोकरीवरून काढू शकत नाही.

मला खरी काळजी तुझ्या शेवटच्या ओळीची आहे. ‘कोर्टाचंही एक पाकीट आलंय, अजून उघडलं नाही.’ ते आत्ता उघड. समन्स असेल तर उत्तराला थोडेच दिवस मिळतात. उत्तर गेलं नाही तर एकतर्फी निकाल लागतो आणि कपातीची वाट मोकळी होते. देण्याची मुदत संपली आहे हा मुद्दा बहुतेक कोर्टं आपणहून काढत नाहीत, तो तुलाच उत्तरात मांडावा लागतो. वकील परवडत नसेल तर जवळच्या लीगल एडला फोन कर; उत्पन्न कमी असलेल्यांना ते मोफत मदत करतात. कोर्टाचं नाव आणि उत्तराची शेवटची तारीख मला आज रात्रीच कळव.