"जखम भरली ना ताई, मग आता पट्टी कशाला?"

भाजलेल्या मुलांच्या आया मला हे सारखं विचारतात, म्हणून एकीचं सांगते. साताऱ्याकडच्या, मुलगी अडीच वर्षांची. या भाकऱ्या करत होत्या, पोरीने मागून येऊन उजवा तळवा तव्यावर टेकवला. एवढ्या लहान पोरांना हात झटकन मागे घ्यायचं सुचत नाही त्यामुळे भाजतंही खोल. चामडी लावावी लागली, दीड-दोन महिन्यांत भरलं, घरच्यांना वाटलं सुटलो. स्प्लिंट, म्हणजे हात ताणून धरणारी कडक पट्टी, पिशवीतच राहिला.

तीन महिन्यांनी आल्या तेव्हा अंगठा तळव्याकडे ओढलेला, बोटं अर्धी मिटलेली, पोरगी वाटी दोन मनगटांत धरून पाणी पीत होती. "बोट सरळ करायला गेलं की किंचाळते हो, आणि सासूबाई म्हणतात आधी भाजलंस, आता छळ पण कर."

खरी अडचण इथे होती. व्यायाम त्यांना येत होता, पण पोरगी रडली की त्यांना तो तवा आठवायचा आणि हात सुटायचा. म्हणून मी आधी सासूबाईंनाच आत बोलावलं. सांगितलं, जखम वरून भरते पण व्रण आतून वर्ष-दीड वर्ष, कधी दोन वर्षंही आकसत राहतो, आणि मूल हात ज्या तऱ्हेने मिटून आरामात ठेवतं तसाच तो आखडतो. तळवा भाजला तर हात उघडा ताणून बांधतात, हाताची पाठ भाजली तर स्प्लिंटचा आकारच वेगळा असतो, त्यामुळे शेजारच्या पोराचा आणून चालत नाही!

मग थेरपिस्टने नवा स्प्लिंट बनवला, झोप लागली की घालायचा. दिवसा प्रेशर ग्लोव्ह, म्हणजे व्रणावर दाब देणारा घट्ट हातमोजा. अंघोळीनंतर तेल लावून मसाज, मग बोट हळूहळू मागे न्यायचं, व्रण पांढरट दिसला की तिथेच धरून सावकाश दहा आकडे, झटका अजिबात नाही. चामडी फाटली, फोड आला किंवा दुसऱ्या दिवशी सांधा सुजला तर थांबून दाखवायला यायचं. बाकीचं रडणं म्हणजे इजा नाही हे त्या माउलीला पटायला तीन भेटी गेल्या.

आणि सासूबाईंनी काय करावं, चुलीपासून लांब परात घेऊन नातीला पिठाचा गोळा दिला, थाप म्हणाल्या भाकरी. सपाट तळव्याने थापायचं म्हणजे आम्हाला हवा तोच ताण, आणि पोरगी हसत करते!

पुढचंही मी लपवलं नाही. हाड वाढतं तशी व्रणाची चामडी वाढत नाही, मोठी होताना हात परत ओढला जाऊ शकतो, ऑपरेशन लागू शकतं, ते लागलं तर आईने हयगय केली असा अर्थ काढायचा नाही. म्हणून वाढ होईपर्यंत तपासणी चालू.

दर भेटीला मी तिचा पंजा वहीत पेन्सिलने काढते. पहिल्या पानावर अंगठा दिसतच नाही. परवाच्या पानावर तो बाहेर आलाय, थोडा वाकडा, पण आलाय, आणि सासूबाईंनी त्या पानाचा मोबाईलवर फोटो काढून नेला.