घरी सुरी बनवताना: पाटा, चुंबक, जळकं ऑइल आणि खारी हवा, यातलं किती खरं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: राहायला रत्नागिरीजवळ, मासे आणि भाजी कापायला घरीच सुरी बनवायची आहे. नेटवरचे हौशी लोक सांगतात, ट्रकचा पाटा (स्प्रिंगची पोलादी पट्टी) घ्या, चुंबक चिकटेनासं होईपर्यंत तापवा, जळक्या इंजिन ऑइलात बुडवा. दुसरे म्हणतात, खाऱ्या हवेत कार्बन स्टील टिकायचंच नाही, स्टेनलेस घ्या. मग ऐकायचं कोणाचं?

पाटा कोयतीसाठी घ्या, सुरीसाठी नको. आपल्याकडचे पाटे बहुधा ईएन ४५ किंवा ईएन ४७ या जातींच्या स्प्रिंग स्टीलचे असतात, कार्बन साधारण ०.५ ते ०.६ टक्के. चिवट लोखंड आहे, कोयती नारळावर आपटली तरी धारेचा तुकडा उडत नाही. पण सुरीला लागतं फार तर २ मिमी आणि पाटा असतो त्याच्या तिप्पट-चौपट जाड. घासण्यातच जीव जातो, आणि मग माणूस कंटाळून ४ मिमीवर थांबतो. अशी सुरी कांदा कापत नाही, फोडते. शिवाय वर्षानुवर्षं लवून लवून जुन्या पाट्यात बारीक चिरा पडलेल्या असतात. त्या दिसतात पाणी दिल्यावर (लाल तापवून एकदम विझवून कडक केल्यावर), म्हणजे सगळी मेहनत झाल्यावर.

त्यापेक्षा लाकडाच्या आरागिरणीत जा आणि रुंद बँडसॉचं (पट्टीच्या करवतीचं) बाद झालेलं पातं मागा. जाडी साधारण १ ते १.५ मिमी, कार्बन ०.७ टक्क्याच्या आसपास. मासळीच्या सुरीला हेच हवं. जुनी कानसही चालते, पण काही स्वस्त कानशी नुसत्या वरून कडक केलेल्या असतात. टोकाचा तुकडा मोडून ती आतपर्यंत कडक आहे का ते पाहा. दाते मात्र पूर्ण घासून काढा, एकही खाच राहिली तर तडा तिथूनच सुरू होतो. बांधकामाची सळई विसरा. तिच्यात कार्बन फार तर ०.३ टक्का, तिला धार लागते पण राहत नाही.

बँडसॉचं पातं मुळातच कडक असतं, भोक पाडायला गेलात तर ड्रिलचं टोक जळतं. आधी लालबुंद करून भाताच्या तुसाच्या राखेत रात्रभर पुरून ठेवा. राख कोरडी हवी.

आता चुंबकाचं. लोखंड सुमारे ७७०° सेल्सियसला चुंबकाला चिकटायचं थांबतं. हे खरं, पण पाणी द्यायला ते पुरेसं नाही. कार्बन नीट मिसळायला ८०० ते ८३० लागतात, पाट्याला त्याहूनही थोडे जास्त. इथे आपल्या घरातलं मीठ कामाला येतं: साधं मीठ ८०१ अंशांना वितळतं. पात्याएवढ्याच जाडीचा भंगार तुकडा सुरीशेजारी तापवा आणि त्यावर चार खडे टाका. खडे वितळून काचेसारखे पसरले की तो रंग डोळ्यांत भरून घ्या. सुरी त्या रंगापेक्षा किंचितच उजळ हवी. सुरीवर मीठ टाकू नका, खड्डे पडतात. हे काम उन्हात कधीच नाही. भर दुपारी लाल रंग फिका दिसतो, म्हणून लोक जास्त तापवतात, आत लोखंडाचा दाणा (बारीक स्फटिक) मोठा होतो आणि सुरी काचेसारखी मोडते. तिन्हीसांजेनंतर, सावलीत करा.

करवंटीचा कोळसा छान तापतो, पण पातं थेट निखाऱ्यात ठेवलं तर टोक जळतं आणि पाठ काळीच राहते. निखाऱ्यांत काळ्या लोखंडी पाइपचा तुकडा आडवा ठेवा आणि पातं त्याच्या आत तापवा. जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला) पाइप नको, जस्ताचा धूर छातीत जातो. भट्टीला जांभ्या दगडाचा चिरा वापरणार असाल तर तो कोरडा असल्याची खात्री करा. ओला चिरा तापला की तडकून उडतो.

जळक्या ऑइलचा धूर विषारी, आणि त्यात काय काय मिसळलंय ते कुणालाच ठाऊक नसतं. सोयाबीनचं किंवा शेंगदाण्याचं तेल ४ ते ५ लिटर, उभ्या लोखंडी डब्यात, ५० ते ६० अंशांपर्यंत कोमट केलेलं. थंड तेल घट्ट असतं, उष्णता हळू ओढतं. भट्टीतून तेलात जायला एक-दोन सेकंदच हवेत. पातं टोकाकडून सरळ आत घाला आणि धारेच्या दिशेनेच हलवा. आडवं हलवलंत की वाकलंच. झाकण हाताशी ठेवा, तेल पेटलं तर पाणी ओतायचं नाही.

गावचा लोहार कोयतीची फक्त धार पाण्यात बुडवतो, मग पाठीची ऊब धारेकडे उतरू देतो आणि रंग पाहून पुन्हा विझवतो. हौशी मंडळी याला अडाणीपणा म्हणतात, हे मला अजिबात पटत नाही. धार कडक आणि पाठ चिवट ठेवायची ती नेमकी रीत आहे. फक्त पातळ सुरी पाण्यात विझवू नका, तडकते.

विझवल्यावर कानस फिरवा. घसरली तर कडक झालं. त्याच दिवशी, शक्यतो तासाभरात, ठिसूळपणा घालवायला सुरी ओव्हनमध्ये २०० अंशांवर दोन तास तापवा, गार करून पुन्हा दोन तास. ओटीजीचा (घरच्या छोट्या ओव्हनचा) आकडा भरवशाचा नसतो, सुरी वाळूच्या ट्रेमध्ये ठेवा आणि वेगळा थर्मामीटर लावा. तापताना पात्यावर येणाऱ्या पिवळट रंगावर सगळी भिस्त नको. तो वेळेप्रमाणेही गडद होत जातो.

घासणं बहुतेक यानंतरच करा. आधीच पातळ केलेली कड तापताना वाकते. कड ०.३ ते ०.५ मिमीवर आली की मग धार, प्रत्येक बाजूला १५ ते १८ अंश. पातं दर दोन फेऱ्यांना पाण्यात बुडवा. कड निळी झाली म्हणजे तिथली कडकपणाची मेहनत गेली.

राहिला गंज. स्टेनलेसला १००० अंशांच्या वर नेमकं तापमान धरून ठेवावं लागतं, कोळशाच्या भट्टीत ते जमत नाही. म्हणून पहिली सुरी कार्बन स्टीलचीच करा. कोकम, कैरी यांनी ती काळी पडेल, पडू द्या, तो काळा थर तांबड्या गंजाला थोडा अडवतो. खरा त्रास मिठाच्या मासळीचा. कापून झालं की लगेच धुवा, कोरडी पुसा आणि खोबरेल तेलाचा हात फिरवा. पावसाळ्यात चामड्याच्या म्यानात ठेवू नका, चामडं ओल धरतं. मुठीला वाळलेलं फणसाचं किंवा शिवणीचं लाकूड घ्या आणि पात्याची शेपटी दोन भागांच्या इपॉक्सीत पूर्ण बुडेल अशी बसवा. आत पोकळी राहिली तर मासळीचं पाणी तिथे शिरतं आणि सुरी मुठीच्या आतून सडते.