मूर्ती घेताय? आधी कागद दाखवा म्हणा

यावेळी सगळी पत्रं दगडी मूर्तींबद्दलचीच घेतलीयत. गेल्या दोन महिन्यांत तीच सगळ्यात जास्त आली आणि काही पत्रांमध्ये घाईचा मामला आहे, पुढच्या अंकापर्यंत थांबून चालणार नाही. नावं छापत नाहीये, फक्त गावं देतेय.

प्रश्न (पुणे): ताई, नवीन फ्लॅट घेतलाय, दाराशी एक जुनी दगडी मूर्ती ठेवायची फार इच्छा आहे. ओळखीतल्या एका डीलरने व्हॉट्सॲपवर गणपतीचे फोटो पाठवलेत. दीड फूट उंची, बाराव्या शतकातला आहे म्हणतो, जुन्या वाड्यातून निघालाय, घरचे लोक विकतायत. पायाशी तुटलाय, पण तेच ओरिजिनल असल्याचं लक्षण असं त्याचं म्हणणं. चार लाख सांगतोय. घेऊ का?

उत्तर: नका घेऊ. गणपती नवा असेल तर तुमचे चार लाख गेले, आणि खरोखर बाराव्या शतकातला असेल तर ते जास्त वाईट, कारण मग तो कुठल्या तरी देवळातून उचललेला असण्याची शक्यता आहे.

तुटलेल्या पायाचं आधी बघा. देवळाच्या भिंतीतल्या देवकोष्ठात, म्हणजे कोनाड्यात, जी मूर्ती असते ती मागून ओबडधोबड सोडलेली असते, आणि खाली एकतर बैठकीसकट एकाच दगडात असते नाहीतर खाली चूळ, म्हणजे दगडाचा खुंटा, काढून तो खाचेत बसवलेला असतो. ती रात्रीत पहार घालून उचकटली की पहिल्यांदा काय तुटतं तर पाय आणि बैठकीची कड. आपला काळा पाषाण शेकडो वर्षं ऊनपाऊस खाऊन वरून राखाडी-तपकिरी पडतो, पण ताजा फुटला की आत निळसर काळा दिसतो. तेव्हा त्या फोटोतली तुटलेली जागा झूम करून बघा, ती बाकीच्या मूर्तीपेक्षा गडद आणि धारदार असेल तर ती जखम जुनी नाही. डीलर ज्याला ओरिजिनलचं लक्षण म्हणतोय ते मला चोरीचं लक्षण वाटतं.

आता कायदा. १९७२ चा पुरावशेष आणि कलाकृतींचा केंद्रीय कायदा आहे, तो लागू झाला ५ एप्रिल १९७६ ला. शंभर वर्षांच्या वरची दगडी मूर्ती घरात ठेवायला बंदी नाही, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं, पण तिची पुरातत्त्व खात्याच्या नोंदणी अधिकाऱ्याकडे फोटोसकट नोंद लागते, विकणाऱ्याकडे लायसन्स लागतं, आणि मालक बदलला की तेही कळवावं लागतं. म्हणून डीलरला दोनच गोष्टी विचारा, नोंदणीचं प्रमाणपत्र आणि तुझं लायसन्स. 'वाड्यातून निघाला' हा कागद नव्हे. कुठल्या गावचा वाडा, कोणाचा, त्या वाड्यात मूर्ती बसवलेली असतानाचा एखादा जुना फोटो आहे का, हे सगळं विचारायचं, आणि उत्तर फिरवाफिरवीचं आलं की नंबर ब्लॉक करायचा.

आणि कागद दाखवला तरी तेवढ्यावर जाऊ नका. तमिळनाडूतल्या वृद्धाचलमच्या वृद्धगिरीश्वर देवळात दगडी अर्धनारीश्वर होता, चोळांच्या काळातला. तो २००४ मध्ये सिडनीच्या सरकारी आर्ट गॅलरीने न्यूयॉर्कच्या सुभाष कपूर नावाच्या डीलरकडून विकत घेतला, तीन लाख ऑस्ट्रेलियन डॉलरच्या वर मोजून. सोबत कागद होतेच, दिल्लीत १९७० साली खरेदी झाल्याची पावती. पण पाँडिचेरीच्या फ्रेंच इन्स्टिट्यूटवाल्यांनी गावोगावची देवळं हिंडून फोटो काढून ठेवलेले, आणि १९७४ मध्ये हाच अर्धनारीश्वर देवळातल्या आपल्या कोनाड्यात उभा होता हे त्यातून सिद्ध झालं. १९७० ला विकला गेलेला देव १९७४ ला देवळात कसा? पावती खोटी होती. सप्टेंबर २०१४ मध्ये मूर्ती भारतात परत आली, आणि त्या डीलरला २०२२ मध्ये कुंभकोणमच्या कोर्टाने दुसऱ्या एका देवळाच्या चोरीत दहा वर्षांची शिक्षा दिली. एवढ्या मोठ्या गॅलरीची जिथे फसगत झाली तिथे व्हॉट्सॲपवरच्या चार फोटोंवर आपण काय ठरवणार.

दाराशी दगडातलाच गणपती हवाय ना, मग घडवून घ्या. महाबलीपुरमला ग्रॅनाइटमध्ये काम करणारे आहेत, कर्नाटकात कोलार जिल्ह्यात शिवारपट्टण म्हणून अख्खं गाव मूर्तिकारांचं आहे, ओडिशात तर घराण्यंच्या घराण्यं आहेत. तालमानाप्रमाणे, म्हणजे मूर्तीच्या ठरलेल्या मापांप्रमाणे, अंगुलं मोजून काम करतात, तुम्ही समोर बसून बघू शकता. रीतसर बिल मिळतं, घडवणाऱ्याचं नाव तुम्हाला माहीत असतं. चार लाखांत फार उत्तम काम होईल.

प्रश्न (बीड जिल्हा): शेत लेव्हल करताना जेसीबीला एक कोरलेला दगड लागला. तीन कप्पे आहेत, खाली माणसं तलवारी घेऊन, मधे बायका, वर पिंड. शेजारचा म्हणतो एक माणूस पन्नास हजार द्यायला तयार आहे, गुपचूप देऊन टाक नाहीतर सरकार जमीन घेईल. काय करू?

उत्तर: दादा, तो वीरगळ आहे, लढताना मेलेल्या वीराच्या आठवणीचा दगड. खालच्या कप्प्यात तुमच्याच शिवारातला कोणीतरी लढताना मेलाय, बऱ्याचदा गावची गुरं सोडवताना. नीट बघा, कडेला गाईबैल कोरलेले असतील. मधल्या कप्प्यात अप्सरा त्याला वर घेऊन चालल्यात, आणि सगळ्यात वर तो शिवलिंगापुढे हात जोडून बसलाय. त्याच्याही वर चंद्र-सूर्य असतील, म्हणजे ते आहेत तोवर याचं नाव राहो. हा दगड पन्नास हजाराला कुणाच्या फार्महाऊसवर उभा करायचा नाहीये.

जमिनीत सापडलेल्या वस्तूंसाठी १८७८ चा निखात निधी कायदा आजही लागू आहे. दहा रुपयांच्या वर किमतीचं काही सापडलं की कलेक्टरला कळवायचं, ती दहा रुपयांची मर्यादा इंग्रजांच्या काळापासूनची. तुम्ही तहसीलदारांकडे लेखी अर्ज द्या, पोच घ्या, ग्रामपंचायतीला सांगा. विकलात तर मात्र गुन्हा तुमच्या नावावर लागतो, पन्नास हजारवाला कुठे सापडणार पण नाही. एक दगड निघाला म्हणून लगेच जमीन जात नाही, ती भीती घालणाऱ्याला दगड हवा असतो.

जेसीबी मात्र आजच थांबवा. दगड किती खोल होता, तोंड कुठल्या दिशेला होतं, आजूबाजूला विटा, खापरं, चुना काही होतं का हे वहीत लिहा, फोटो काढा. गेल्या काही वर्षांतलं जवळचं उदाहरण सांगते, सिंदखेडराजाचं. तिथे २०२४ मध्ये लखुजी जाधवरावांच्या छत्रीजवळ पुरातत्त्व खात्याचं काम चालू होतं, आधी काही दगड दिसले, त्यांनी घाई न करता हळूहळू खाली खणलं, देवळाचा खालचा भाग लागला आणि मग शेषशायी विष्णू निघाला, पावणेदोन मीटरच्या आसपास लांब, एक मीटर उंच. दगड क्लोराइट शिस्ट, मऊसर, बारीक कामाला चांगला, आपल्या बेसाल्टसारखा नाही. तिथे जेसीबीचं बकेट एकदा जरी फिरलं असतं तरी शेषाच्या फण्यांचे तुकडे झाले असते.

आणि गावातच राहू दे म्हणून आग्रह धरता येतो. मुंबईत परळला १९३१ मध्ये रस्त्याच्या कामात बारा फुटांच्या आसपासची प्रचंड शिवमूर्ती निघाली. ती आजही परळलाच बारादेवीच्या देवळात पूजेत आहे, म्युझियममध्ये ठेवलाय तो तिचा प्लास्टरचा ठसा. देव जागेवर आणि नक्कल म्युझियमला, मला ही व्यवस्था फार आवडते.

प्रश्न (न्यू जर्सी): साताऱ्याचं आजोबांचं घर विकतोय. देवघरात फूटभर उंचीची विष्णूची दगडी मूर्ती आहे, चार-पाच पिढ्यांची. सामानात इकडे आणायची आहे, काय प्रोसिजर?

उत्तर: प्रोसिजर नाहीये. शंभर वर्षांवरची मूर्ती खासगी माणसाला देशाबाहेर नेताच येत नाही, स्वतःच्या आजोबांची असली तरी. सापडलात तर सहा महिने ते तीन वर्षं कैद आहे, आणि जुलै २०२४ मध्ये भारत-अमेरिकेचा याबद्दल करारही झालाय, त्यामुळे तिकडच्या टोकालाही अडकाल. मूर्ती शंभरच्या आतली आहे असं वाटत असेल तर पुरातत्त्व खात्याच्या तज्ज्ञांना दाखवा, ते तसं प्रमाणपत्र देतात. नसेल तर इथल्या बहिणीभावाकडे, चुलत्यांकडे ठेवा आणि त्यांच्या नावाने नोंद करा. तुमचं मन तुटतंय हे समजतंय मला, आजोबांच्या हातचं पाणी त्या मूर्तीवर पडलेलं असतं. पण १९१३ मध्ये काशीहून चोरलेली एक वीतभर अन्नपूर्णा कॅनडात गेली, तिथे कितीतरी वर्षं तिला विष्णू म्हणून ठेवलं होतं. तिच्या एका हातात खिरीची वाटी आणि दुसऱ्यात पळी आहे हे बघायला तिथे कोणी नव्हतं. ते पुढे एका भारतीय वंशाच्या कलाकार बाईच्या लक्षात आलं आणि मग २०२१ मध्ये ती काशीला परत आली. परदेशात मूर्ती जपली जाते हो, पण दोन पिढ्यांनी ती कोण आहे हेच कोणाला कळेनासं होतं.

प्रश्न (कोल्हापूर): आमच्या ग्रामदेवतेवर शेंदराचा जाड थर चढलाय. कमिटी म्हणते ॲसिडने साफ करू, मग चकाचक ऑइलपेंट देऊ. योग्य आहे का?

उत्तर: अजिबात नाही. ॲसिड, तारेचा ब्रश, ग्राइंडर, सँडब्लास्टिंग, यातलं काहीही मूर्तीजवळ नेऊ नका. डोळ्यांच्या पापण्या, दागिन्यांचे मणी एका दिवसात जातील. ऑइलपेंटने दगडाचा श्वास बंद होतो, आतली ओल आतच राहते आणि मग वरचा पापुद्रा सुटतो. बैठकीला सिमेंट लावलं तर त्यातले क्षार दगडात चढतात. राज्य पुरातत्त्व विभागाला पत्र लिहा, त्यांचे जाणकार शेंदूर थराथराने काढतात. तोवर तेल-शेंदूर वाढवू नका, अभिषेक उत्सवमूर्तीला किंवा पादुकांना करा.

प्रश्न (डोंबिवली): मी कॉलेजला आहे, मूर्तिशास्त्राचं वेड लागलंय. तुमचं वाचून वाटतं संग्रह करूच नये. मग माझ्यासारख्याने काय करायचं?

उत्तर: तू संग्रह कर रे, भरपूर कर, फक्त दगडांचा नको करू. दिनकर केळकरांनी पुण्यात आयुष्यभर दिवे, अडकित्ते, दरवाजे जमवले आणि १९७५ मध्ये सगळं सरकारला देऊन टाकलं, म्हणून आज ते आपल्या सगळ्यांचं आहे. देवळाच्या मूर्तीचं मात्र वेगळं आहे. ती भिंतीचा तुकडा असते, तिच्या डावी-उजवीकडे कोण आहे त्यावर तिचा अर्थ ठरतो. मध्य प्रदेशातल्या एका देवळावरची सँडस्टोनची सुरसुंदरी, म्हणजे अप्सरेची मूर्ती, १९८० च्या दशकात चोरांनी न्यायला सोपी जावी म्हणून कापून दोन तुकडे केली, लंडनमार्गे न्यूयॉर्कला नेली, तिथे जोडली आणि ती मेट म्युझियममध्ये उभी राहिली. २०२४ मध्ये ती भारताला परत दिली गेली, पण कापलेलं ते कापलेलंच.

तू फोटो जमव. मी तुझ्यापेक्षा थोडी मोठी असताना एका खेड्यातल्या पडक्या देवळात केशवाचा, म्हणजे विष्णूच्या एका रूपाचा, फोटो काढला होता, रोलचा कॅमेरा, एकच फ्रेम उरलेली. दोन वर्षांनी परत गेले तर कोष्ठ रिकामं. खाली चौकोनी खाच, तिच्यात दगडाचा चुरा, आणि त्या रिकाम्या खाचेला कोणीतरी हळदकुंकू वाहून झेंडूचं फूल ठेवलेलं. शेजारच्या आजी म्हणाल्या, देव नेला म्हणून पूजा थोडीच बंद करायची. पोलिसांना द्यायला अख्ख्या गावाकडे एकही फोटो नव्हता, माझी ती एक फ्रेम होती, तीसुद्धा समोरूनच. बाजूने, पाठीमागून, बैठकीचा, काहीच नाही. मूर्ती अजून मिळालेली नाही.

तेव्हापासून मी प्रत्येक मूर्तीचे सहा फोटो काढते, एकात शेजारी मोजपट्टी ठेवून, आणि तारीख-गाव-जागा लगेच लिहिते. जिथे फोटो काढायला मनाई असेल तिथे आधी पुजाऱ्यांना विचार, आणि कुलूप नसलेल्या देवळाचं लोकेशन सोशल मीडियावर टाकू नको.

विष्णूपासून सुरुवात कर, त्यात गंमत आहे. शंख, चक्र, गदा, पद्म, चार हातांत चार वस्तू, त्यांची अदलाबदल किती प्रकारे होईल? चोवीस. तीच विष्णूची चोवीस नावं, संध्येत म्हणतो ती. वाचायचं मूर्तीच्या उजव्या खालच्या हातापासून, मग उजवा वरचा, डावा वरचा, डावा खालचा, प्रदक्षिणेसारखं. पद्म-शंख-चक्र-गदा आलं की केशव. मूर्तीचा उजवा म्हणजे तुझ्या डाव्या बाजूचा, इथे सगळे चुकतात.

आणि तुला लांब जायलाच नको, अंबरनाथ दोन पावलांवर आहे. शके ९८२, म्हणजे १०६० सालचं शिवालय, बाहेरच्या भिंतींवर वर्षभर पुरेल एवढं काम आहे. तिरकं ऊन असताना जा, डोक्यावरच्या उन्हात दगड सपाट दिसतो. वही आणि मोजपट्टी घेऊन जा, एका फेरीत एकाच भिंतीचं लिही, आणि काय सापडलं ते मला कळव.