कमिट करण्याआधी इश्यू उघड, भाऊ

जळगावच्या पोरांचा पॅच, म्हणजे कोडमधला सुचवलेला बदल, आला की कोड बहुतेक वेळा ठीक असतो, घोळ असतो कमिटच्या संदेशात. कमिट म्हणजे गिट या कोडचा इतिहास ठेवणाऱ्या साधनात नोंदवलेला बदल, संदेश म्हणजे त्यासोबतची टीप. ‘बग काढला’. कोणता बग? कुणी सांगितला होता?

आधी जुने इश्यू, म्हणजे प्रकल्पाकडे नोंदवलेल्या तक्रारी, शोध, बंद झालेलेसुद्धा. नसेल तर नवा उघड आणि बग कसा दिसतो ते पायरीपायरीने लिही. समज, शोधात ‘शेतकऱ्यांचा’ सापडत नाही. एका कीबोर्डवरून ऱ हे एकच अक्षर जातं, दुसऱ्यावरून र आणि खाली नुक्ता. दिसायला सारखं, संगणकाला वेगळं. हे सगळं इश्यूत मांड. मग कमिटचा मथळा पन्नासेक अक्षरांत: ‘शोधाआधी मजकूर एनएफसी रूपात आण’. (एनएफसी म्हणजे युनिकोडचं एक ठरलेलं रूप, त्यात दोन्ही ऱ एकच होतात.) खाली कारण दोन ओळींत, शेवटी इश्यूचा क्रमांक. कारण कमिटमध्येही हवंच. उद्या प्रकल्प दुसरीकडे हलला तर इश्यू मागे राहतात, गिटचा इतिहास सोबत जातो.

गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर क्रमांकाआधी इंग्रजीत ‘फिक्सेस’ लिहिलंस, तर बदल मुख्य शाखेत गेल्यावर इश्यू आपोआप बंद होतो. काम अर्धंच झालं असेल तर नुसता क्रमांक दे. लिनक्स कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, कोडमध्ये मात्र तोच शब्द ज्या कमिटने बग आणला त्याच्याकडे बोट दाखवतो, त्या कमिटच्या हॅशच्या (ओळख-खुणेच्या) किमान पहिल्या 12 अक्षरांसह. म्हणून प्रकल्पाची योगदानाचे नियम सांगणारी फाइल आधी वाच. कंटाळवाणी असते, तरी वाच.

आणि जाता जाता दिसलेलं स्पेलिंग त्याच कमिटमध्ये कोंबू नकोस. वेगळं कमिट कर.