फुलगळ दिसते आज, बिघाड झालेला असतो आधीच

मार्च सरत आला की उन्हाळी पिकांबद्दलचे प्रश्न येऊ लागतात. करमाळ्यापासून अक्कलकोटपर्यंत सूर एकच असतो: झाड हिरवंगार आहे, फुलं भरपूर लागतात, पण फळ धरत नाही, तर कोणतं औषध मारू? औषधाचं नाव विचारण्याआधी कृपा करून पहिलं उत्तर पूर्ण वाचा.

प्रश्न (पंढरपूर तालुका): उन्हाळी टोमॅटोची फुलं गळत आहेत. दुकानदाराने दिलेल्या टॉनिकच्या तीन फवारण्या झाल्या, तरी फरक नाही. आता चौथी कशाची घेऊ?

चौथी घेऊ नका.

आज जे फूल गळलं त्याचं नुकसान आज झालेलं नाही. कळी अगदी लहान, मिटलेली असते तेव्हाच तिच्या परागकोशात पराग तयार होत असतो. टोमॅटोत हा सगळ्यात नाजूक काळ फूल उमलण्याच्या साधारण ८ ते १३ दिवस आधी येतो. परागकोशाच्या आत पेशींचा एक पातळ थर असतो. वाढत्या परागकणांना साखर आणि इतर अन्न पुरवण्याचं काम त्याचं. दाईने बाळ सांभाळावं तसा हा थर परागाला सांभाळतो. उष्णतेने तो वेळेआधीच मोडतो, साखरेचा पुरवठा कोलमडतो आणि पराग पोकळ, सुरकुतलेला राहतो. फूल मात्र वरून सुंदर पिवळं उमलतं, म्हणूनच आपण फसतो. बीजांड बहुधा ठीक असतं, पण फलनच होत नाही. मग देठाची गाठ पिवळी पडते आणि फूल तिथून सुटतं.

हे व्हायला ४२ अंश लागत नाहीत. दिवसा ३२ आणि रात्री २६ अंश असं सलग काही दिवस राहिलं तरी टोमॅटोच्या परागाची वाट लागते. आपल्या सोलापुरात एप्रिलमध्ये पारा सहज चाळिशी ओलांडतो आणि रात्रीही फारशा गार होत नाहीत. शेतकरी दुपारचं तापमान पाहतात, रात्रीचं कुणीच लिहून ठेवत नाही. ते लिहा. फुलगळ दिसली की मागच्या पंधरवड्यातलं तापमान तपासा, कारण तिथेच सापडेल.

आता टॉनिकबद्दल. फुलगळ थांबवणारी म्हणून विकली जाणारी बरीच औषधं एनएए या संजीवकाची असतात. देठाची गाठ सुटणं ते काही काळ लांबवतं, आणि योग्य पिकात, योग्य मात्रेत त्याचा उपयोगही आहे. पण मेलेला पराग कोणतीही बाटली जिवंत करत नाही. मात्रा वाढवली तर हेच औषध उलट गळ घडवतं. बोरॉनचंही तसंच. परागनलिका वाढायला ते लागतं आणि आपल्या चुनखडीच्या जमिनीत ते कमी पडू शकतं, हे खरं. पण त्याची कमतरता आणि विषबाधा यांत अंतर फार थोडं असतं. माती आणि पानाच्या देठाची तपासणी न करता 'एक पुडा मारून बघा' म्हणणाऱ्याचं ऐकू नका. त्याचा पुडा खपतो, पैसे आणि दिवस मात्र तुमचे जातात.

हातात काय आहे? पाणी थोडं थोडं पण वरचेवर, शक्यतो संध्याकाळी द्या. आच्छादन करा. नत्र आवरा. पश्चिमेकडून मक्याची दाट ओळ असेल तर मदत होते, पण ती लागवडीबरोबरच लावायची असते. उष्णता उतरली तर आज बारीक असलेल्या कळ्यांना चांगला पराग येऊ शकतो, म्हणून झाड जगवा. आणि फुलकिडे, विषाणू किंवा पाण्याचा ताण नाही ना, हे कृषी विज्ञान केंद्राच्या तज्ज्ञाला शेतात आणून याच आठवड्यात पाहून घ्या.

प्रश्न (करमाळा): उन्हाने केळीचा पराग मरून घड लहान पडतो का?

नाही. आपल्या लागवडीच्या केळीला फळ धरायला परागाची गरजच नसते. घड लहान पडण्याची कारणं पाणी, अन्नद्रव्यं आणि मुळांत शोधा.

प्रश्न (माढा): ऊस उशिरा तुटला. मार्चमध्ये भुईमूग पेरला तर चालेल?

चालणार नाही. पेरणीनंतर महिन्याभरात फुलं येतात, म्हणजे ऐन एप्रिलात. दिवसाचं तापमान ३४ च्या वर गेलं की भुईमुगाच्या परागाची ताकद घटत जाते. फुलं दिसतात, पण आऱ्या (फुलातून जमिनीत शिरून शेंग धरणारे देठ) कमी सुटतात. शिवाय काढणी पावसात सापडते. जानेवारीच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंतची वेळ गेली असेल तर दुसरं पीक घ्या. कोणतं, ते तुमचं पाणी पाहून कृषी विभागाच्या स्थानिक अधिकाऱ्याशी ठरवा.

प्रश्न (मोहोळ): ढोबळी मिरची शेडनेटमध्ये आहे, तरी फुलं गळतात. नेट असून काय उपयोग?

नेट ऊन अडवतं, कोंडलेली हवा गार करत नाही. ढोबळीला रात्री २४ अंशांच्या वर मानवत नाही. बाजूचे पडदे दिवस मावळल्यावरही उघडे ठेवता का? फॉगर (धुक्यासारखे तुषार सोडणारं साधन) लावून हवा बाहेर जाऊ दिली नाही तर दमटपणा वाढतो आणि पराग चिकटून बसतो. आणखी जाड नेट टाकू नका, उजेड कमी झाला तरीही फुलं गळतात. आत एक कमाल-किमान तापमापक टांगा आणि आठवडाभराच्या नोंदी घेऊन सल्ल्याला या. नोंदीशिवाय मी तरी काही सांगणार नाही.

प्रश्न (बार्शी): सकाळी फुलांवर गार पाणी किंवा ताक-गुळाचं पाणी मारलं की पराग वाचतो, असा व्हिडिओ पाहिला. खरं आहे का?

नाही. उमललेल्या फुलातला पराग ओला झाला की फुगून फुटतो. म्हणजे थोडाफार चांगला पराग उरला असेल तोही आपण घालवतो. असले व्हिडिओ पुढे पाठवणंही थांबवा. सकाळी कीटकनाशक मारणं तर त्याहून वाईट, कारण त्याच वेळी मधमाश्या फुलांवर असतात.

प्रश्न (सांगोला): डाळिंबाच्या आंबे बहारात (उन्हाळ्याच्या तोंडी धरल्या जाणाऱ्या बहारात) फुलांचा सडा पडतो. हे उन्हामुळेच ना?

आधी सडा उचलून बघा. तळाशी निमुळती, घंटेच्या आकाराची फुलं नर असतात. ती गळणारच, त्यात बिघाड काही नाही. तळाशी फुगीर, सुरईसारखी फुलं गळत असतील तर मात्र काळजी करा. ताण, पाणी, अन्नद्रव्यं आणि तापमान सगळंच तपासावं लागेल. केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे. जिल्ह्यात अशी संस्था असताना दुकानात रोगनिदान कशाला करता? दोन्ही प्रकारची फुलं वेगवेगळ्या पिशव्यांत घालून घेऊन जा.

प्रश्न (मंगळवेढा): रब्बी ज्वारीची कणसं मधूनमधून रिकामी राहिली. उष्णतेचाच परिणाम ना?

डिसेंबरात फुललेल्या ज्वारीबाबत शक्यता फार कमी. पीक पोटरीत (कणीस अजून पानाच्या आवरणात) असताना कडाक्याची थंडी पडली तरीही पराग वांझ होतो. मिज माशी ही कीड आणि काणी हा बुरशीचा रोगही तपासा. कणीस घेऊन कृषी विज्ञान केंद्रावर जा, फोनवर हे कळत नाही.

प्रश्न (दक्षिण सोलापूर): '४५ अंशांतही फळ धरणारं' टोमॅटोचं बियाणं घ्यावं का?

उष्णता तुलनेने बरी सोसणारे वाण आहेत, हे खरं. पण पाकिटावरच्या आकड्याला काही अर्थ नाही. चाचणी कुठे, कोणत्या महिन्यात घेतली आणि तेव्हा रात्रीचं तापमान किती होतं, हे विक्रेत्याला विचारा. उत्तर आलं नाही तर पाकीट परत ठेवा. घेतलंच तर आधी दोन-चार ओळींतच लावा, शेजारी नेहमीचा वाण ठेवा, पक्कं बिल आणि रिकामं पाकीट जपून ठेवा. लागवडीची तारीख कृषी विद्यापीठाच्या शिफारशीनुसारच धरा.