कोणती रमा?

चि. रमा हीस, अनेक आशीर्वाद.

तुझं कँपवरून आलेलं पत्र काल पोचलं. तुझ्या खोलीतल्या मैत्रिणीने नाव कोणावरून ठेवलं असं विचारलं, तू म्हणालीस रमाबाईंवरून, तिने विचारलं ‘त्या कोण?’ आणि मग तुला पंडिता आठवल्या, रानडे आठवल्या, आंबेडकर आठवल्या, आणि तुझी बोलतीच बंद झाली. तू लिहिलंयस, ‘आई, आपल्याकडे सगळ्यांना एकच नाव का देतात? आणि मी त्यातली कोणाची?’ कँपवर फोन नाही ते बरंच झालं. फोनवर मी हे दोन वाक्यांत उरकलं असतं.

रमा म्हणजे लक्ष्मी, आणि माधव म्हणजे विष्णू. नवऱ्याचं नाव माधव असलं की बायको रमा, अशी जोडी जुळवायची आपल्याकडे फार हौस. थोरल्या माधवराव पेशव्यांची बायको रमाबाईच. १७७२ साली माधवराव थेऊरला क्षयाने गेले, तेव्हा ती सती गेली. पुढच्या वेळी पुण्याला गेलो की थेऊरला जाऊ. चिंतामणीचं देऊळ तू पाहिलंयस, पण नदीकाठी तिचं वृंदावन आहे, ते राहून गेलं.

तू म्हणशील, लग्न व्हायच्या आधीच तिच्या आईवडिलांना नवऱ्याचं नाव कसं कळलं? इथेच गंमत नाही, दुखणं आहे. मुलीचं नाव लग्नात बदलायचे. ताईच्या लग्नात तू पुढे बसून पाहिलं होतंस बघ, ताटात तांदूळ पसरले होते आणि जिजाजींनी अंगठीने त्यात अक्षरं काढली होती. तिथे बायकोचं नवं नाव लिहायची रीत. तुझ्या बाबांनी माझ्या ताटात माझंच नाव लिहिलं. गुरुजी म्हणाले, ‘नवीन लिहा.’ बाबा म्हणाले, ‘हेच आहे.’ मला ते ताट अजून डोळ्यांसमोर दिसतं.

पूर्वी असं कोणी करत नसे. न्यायमूर्ती रानड्यांच्या रमाबाई आधी रमा नव्हत्याच. देवराष्ट्र्याच्या कुर्लेकरांची ती यमुना. १८७३ साली अकराव्या वर्षी तिचं लग्न झालं आणि यमुनेची रमा झाली. रानड्यांना लोक माधवराव म्हणत, म्हणजे बघ, पुन्हा रमा-माधवच.

आणि आता दुसरी यमुना. गेल्या वर्षी पानगळीत आपण पोकिप्सीच्या दफनभूमीत गेलो होतो, आठवतं? तू दगडावरची ओली पानं हाताने बाजूला केलीस आणि मोठ्याने वाचलंस, ‘आनंदीबाई जोशी, एम. डी.’ डॉक्टर होऊन वर्षभरात, १८८७ साली, बावीसही पुरी झाली नव्हती तेव्हा ती पुण्यात गेली. तिच्या अस्थी अमेरिकेत तिला आपल्या घरी ठेवून घेतलेल्या कारपेंटरबाईंकडे आल्या आणि त्यांनी आपल्या कुटुंबाच्या जागेत त्या ठेवल्या. कल्याणला जन्मली तेव्हा तिचं नाव यमुना होतं. गोपाळरावांशी लग्न झाल्यावर ती आनंदी झाली. दगडावर यमुना कुठेच नाही. तेव्हा मी तुला हे सांगितलं नव्हतं, सांगायला हवं होतं.

तिसरी यमुना पुस्तकातली. बाबा पदमनजींनी १८५७ साली ‘यमुनापर्यटन’ लिहिलं. मराठीतली पहिली कादंबरी म्हणतात ती हीच. त्यातली यमुना नवऱ्याबरोबर गावोगाव फिरते आणि विधवांचे हाल डोळ्यांनी बघते. गोष्टीतली यमुना शेवटपर्यंत यमुनाच राहिली. खऱ्या दोघींना तेवढंही मिळालं नाही, हे मला फार लागतं.

आता पंडिता रमाबाई. त्यांचं ‘रमा’ मात्र माहेरचं. त्यांच्या वडिलांनी, डोंगरेशास्त्र्यांनी, बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून लोकांचा रोष घेतला आणि रानात जाऊन राहिले. तिथे रमा वाढली, आईकडून संस्कृत शिकली. दुष्काळात आईवडील गेले, मग ही आणि भाऊ पायी देशभर फिरले. १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी तिची परीक्षा घेतली आणि ‘पंडिता’ ही पदवी दिली. तेव्हा ती वीस वर्षांची होती. पुढे एका बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने लग्न केलं. तो दीड-दोन वर्षांतच गेला. पण नाव कोणी बदललं नाही. आजही आपण आडनाव न लावता नुसतं पंडिता रमाबाई म्हणतो आणि सगळ्यांना कळतं. स्वतःच्या मुलीचं नाव त्यांनी मनोरमा ठेवलं. त्यात ‘रमा’ आहे, दिसली का?

आणि मला सगळ्यात आवडतं ते हे. १८८२ साली पंडिता पुण्यात आल्या, बायकांसाठी आर्य महिला समाज काढला. तिथे रानड्यांच्या रमाबाई जाऊ लागल्या. एक रमा बोलते आहे आणि दुसरी समोर बसून ऐकते आहे, असं चित्र डोळ्यांपुढे आण. ऐकणारी घरी परतली की घरातल्या बायका तिला टाकून बोलायच्या, शिवाशिव करायच्या. तरी ती दर वेळी जात राहिली, इंग्रजी शिकली, आणि पुढे १९०९ साली पुण्यात सेवासदन उभं केलं. हे सगळं तिने स्वतःच्या आठवणींत लिहून ठेवलंय. तू दहावीत गेलीस की आपण दोघी मिळून वाचू.

रमाई वेगळ्या. दापोलीजवळच्या वणंदची रामी. लहानपणीच आईवडील गेले, मामा-काकांबरोबर मुंबईला आली. भायखळ्याच्या बाजारात, दिवसभराची विक्री संपल्यावर रात्री तिचं आणि भीमरावांचं लग्न लागलं. पाच मुलांपैकी चार तिच्या डोळ्यांदेखत गेली. बाबासाहेब परदेशात शिकत असताना घर तिने ओढलं. १९३५ साली ती गेली. नंतर बाबासाहेबांनी पाकिस्तानवरचं आपलं पुस्तक तिच्या स्मृतीला अर्पण केलं, आणि त्यात तिला घरातल्याच नावाने हाक मारली आहे, रामू. ‘रमाई’ मात्र लोकांनी म्हटलं. सांगायला कोणी गेलं नव्हतं.

तर मैत्रिणीला सांग, आपल्याकडे नाव एक असलं तरी पुढेमागे जे लागतं त्यावरून माणूस कळतं. पंडिता, रानडे, रमाई. आणि तिला तुझं नाव नीट म्हणायला शिकव. ती ‘रामा’ म्हणते असं तू लिहिलंयस. ‘र’ आखूड, शेवटचा ‘मा’ लांब.

आता तू कोणाची. या तिघींपैकी कोणाचीच नाही, राणी. तू माझ्या आजीची. माझी आजी रमा, आणि आजोबा माधव, म्हणजे तुला कळलंच. तिचं आधीचं नाव घरात कोणाला ठाऊक नव्हतं. सासरी सगळे तिला ‘वहिनी’ किंवा ‘काकू’ म्हणत, नावाने हाक मारणारं माणूसच उरलं नव्हतं. ती गेल्यावर माळ्यावरची भांडी काढली, त्यात एक पितळी डबा निघाला. चिंचेने घासला तेव्हा झाकणाच्या आतल्या बाजूला ठिपक्याठिपक्यांची अक्षरं वर आली: ‘चि. सौ. कां. द्वारका हिस मामाकडून.’

आपण पोह्यांना वापरतो तोच डबा. तू शनिवारी घरी आलीस की झाकण उलटं करून बघ. ‘द्वा’ जरा झिजलाय, पण बोट फिरवलं की लागतो.

तुझी,
आई